अमिनो म्हणजे अन्नच की, मग बाबांना दिलेला डबा परत का मागायचा?

या वेळचं पत्र एका ३१ वर्षांच्या वाचकाचं आहे, ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते. मूळचा लातूर जिल्ह्यातला, आयटीतल्या नोकरीसाठी पुण्यात रूमवर राहतो. सहा महिन्यांपूर्वी कंपनीच्या चेकअपमध्ये शुगर बॉर्डरवर निघाली म्हणून जिम लावली, वजन ८२ वरून ७४ किलोवर आणलं. ट्रेनरच्या सांगण्यावरून तीन महिने जिमच्या आधी प्री-वर्कआउट (त्यात आर्जिनिन हा प्रोटीनचा सुटा घटक म्हणजे अमिनो, बीटा-अ‍ॅलॅनिन, कॅफिन) आणि नंतर बीसीएए (तीन अमिनोंची पावडर) घेतोय. जिम रात्री आठची. तेव्हापासून चेहऱ्याला आणि हातांना मुंग्या येतात, आठवड्यातून तीन-चार वेळा पोट बिघडतं, खुर्चीतून उठताना गरगरतं आणि रात्री दोनपर्यंत झोप नाही. झोपेसाठी अमेरिकेतल्या मावसभावाने ट्रिप्टोफॅन या अमिनोच्या कॅप्सूल पाठवल्यात, त्या अजून उघडलेल्या नाहीत. आठ महिन्यांपासून एंग्झायटीसाठी एस्सिटालोप्राम चालू आहे, ते घरी किंवा ट्रेनरला माहीत नाही, आणि गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना पावडरींबद्दल माहीत नाही. बाबा ६२ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली, हल्ली थकलेले दिसतात. वहिनीला गरोदरपणात डॉक्टरांनी आर्जिनिनचे सॅशे दिले होते, रक्तपुरवठा सुधारतो असं तेव्हा ऐकलेलं, म्हणून दिवाळीत याने बाबांसाठी आर्जिनिन पावडरचा डबा नेला. बाबा रोज घेतात आणि पोराने आणलंय म्हणून शेजारीपाजारी सांगतात.

त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत: “ताई, ट्रेनर म्हणतो अमिनो म्हणजे डाळीतलंच प्रोटीन सुटं केलेलं, अन्नाचे कसले साइड इफेक्ट. मग मला होतंय ते काय? सगळं बंद करू का? ट्रिप्टोफॅन चालू करू का? बाबांना दिलंय ते बरोबर आहे ना? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.”

अरे, तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात आधी मार्गी लावायचाय. वाचणं इथेच थांबव आणि बाबांना फोन कर. डबा आजपासून बंद, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायचा नाही, एवढंच सांग, घाबरवू नकोस. बोलता बोलता विचार की उठताना चक्कर येते का, छातीत भरून आल्यासारखं होतं का, घाम फुटतो का. यातलं काही असेल तर आजच्या आज दवाखाना. नसेल तर या आठवड्यात बीपी मोजून घेऊ दे, बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एकदा. आणि हे नीट बजाव की हृदयाच्या गोळ्यांपैकी एकही बंद करायची नाही, बंद फक्त पावडर, कारण “पोरगा म्हणाला बंद करा” याचा अर्थ घरात कधी कधी भलताच लावला जातो.

आता का ते सांगते. आर्जिनिनपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. ऐकायला हे हृदयासाठी वरदानच वाटतं, आणि याच आशेने अमेरिकेत डॉक्टरांनी नुकताच अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर रीतसर अभ्यास केला, तो २००६ मध्ये छापून आला. साधारण निम्म्यांना रोज तीन वेळा तीन-तीन ग्रॅम आर्जिनिन, बाकीच्यांना दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं. सहा महिन्यांत रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाहीच, उलट आर्जिनिनच्या गटात सहा जण दगावले आणि दुसऱ्या गटात एकही नाही, तेव्हा नवे रुग्ण घेणंच थांबवण्यात आलं आणि अटॅकनंतर आर्जिनिन देऊ नये असं त्या संशोधकांनीच लिहिलं. रुग्णांची संख्या लहान होती हे खरं, बाबांच्या अटॅकला दोन वर्षं झालीत हेही खरं, त्यामुळे तंतोतंत तेच बाबांना होईल असं मी म्हणत नाहीये. पण ज्या गोष्टीचा फायदा दिसला नाही आणि धोक्याची शंका आली ती हृदयाच्या पेशंटला सहज म्हणून द्यायची नाही, एवढं तरी त्यातून कळतं. शिवाय बाबांना बीपी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणार, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळीही खिशात असेल, तीही रक्तवाहिन्या सैल करणारीच. त्यात हे आर्जिनिन म्हणजे एकाच दिशेला तीन-तीन जण ढकलणार, बीपी एकदम खाली येऊन सकाळी बाथरूममध्ये माणूस पडू शकतो. (इतर वाचकांसाठी: लैंगिक संबंधांसाठी सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे, तिथे लाजून गप्प बसू नका.)

मग वहिनीला कसं दिलं, असं तू विचारशील. वहिनीला तिच्या डॉक्टरांनी तपासून, सोनोग्राफी बघून, ठरावीक डोसमध्ये, ठरावीक आठवड्यांसाठी दिलं, आणि दर भेटीत बीपी बघितलं जात होतं. म्हणजे तिला ते औषध म्हणून मिळालं आणि तीच वस्तू बाबांकडे खुराक म्हणून पोचली.

इथेच तुझ्या ट्रेनरच्या वाक्याकडे येऊ. तो खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. प्रोटीन वीस प्रकारच्या अमिनो अ‍ॅसिडांचं बनलेलं असतं आणि त्यातली नऊ शरीराला बनवता येत नाहीत म्हणून जेवणातूनच घ्यावी लागतात, इथपर्यंत बरोबर. पण वरणातून ती येतात तेव्हा वीसच्या वीस एकत्र येतात, साखळीत बांधलेली येतात, पोटात दोन-तीन तास ती साखळी सुटत राहते आणि रक्तात हळूहळू उतरतात. पावडरीत एकच अमिनो, सुटं, भरपूर, आणि रिकाम्या पोटी एका दमात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण तीन ग्रॅम आर्जिनिन असतं, आणि शेंगदाणे म्हणजे आर्जिनिनने चांगलेच भरलेले. म्हणजे सहा ग्रॅमचा एक डोस म्हणजे दोनशे ग्रॅम शेंगदाण्यांतलं आर्जिनिन, एका ग्लासात. दोनशे ग्रॅम शेंगदाणे तू एका बैठकीत खाऊ शकत नाहीस, पोट आधीच थांबवतं, पावडरीला ते थांबवणं नाही.

आणि अमिनो औषधासारखी वागतात याचे दाखले हॉस्पिटलातच आहेत. पॅरासिटामॉलचा भयंकर ओव्हरडोस झालेल्या माणसाचं लिव्हर वाचवायला जे औषध देतात ते सिस्टीन या अमिनोपासूनच बनवलेलं. दुसऱ्या बाजूला ग्लुटामिन या अमिनोचं उदाहरण बघ, जिममध्ये रिकव्हरीसाठी सर्रास चालतं, ते आयसीयूतल्या अवयव निकामी होत चाललेल्या रुग्णांना मोठ्या डोसमध्ये देऊन बघितलं तर मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं, २०१३ चा मोठा अभ्यास आहे. तू काही आयसीयूत नाहीस, पण ज्यात जीव वाचवायची ताकद आहे त्यात बिघडवायचीही असते, “अन्नच आहे” म्हणून ती ताकद कुठे जात नाही.

आता तुझ्या अंगाचं. चारही तक्रारी एकाच टोपलीत टाकू नकोस, प्रत्येकीचं कारण वेगळं असायची शक्यता जास्त.

मुंग्या बहुतेक बीटा-अ‍ॅलॅनिनच्या. प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटांत चेहरा, कान, हातांची पाठ चुणचुणते आणि तासा-दीड तासात जाते असं असेल तर तेच. घाबरायचं कारण नाही, एका वेळचा डोस कमी केला की जातं. पण मुंग्या दिवसभर राहत असतील, पायांच्या तळव्यांना असतील, एकाच बाजूला असतील किंवा हातातून वस्तू सुटत असेल तर पावडरीवर ढकलून मोकळा होऊ नकोस, शुगर आणि बी-१२ बघून घे, शाकाहारी असशील तर बी-१२ आधी.

पोट बिघडतं ते आर्जिनिनने होऊ शकतं, एका वेळी नऊ ग्रॅमच्या वर गेलं की जुलाब बऱ्याच जणांना होतात, रिकाम्या पोटी त्याच्याही आत होतात. त्यात गोडीसाठी घातलेले पदार्थ आणि कॅफिन भर घालतात. एक काम कर, किचनमधला छोटा वजनकाटा मिळाला तर तुझा नेहमीचा चमचा नेहमीसारखाच भरून वजन कर. माझ्याकडे येणाऱ्यांना मी त्यांचाच डबा आणि त्यांचाच चमचा आणायला सांगते. मागे एकाने डबा दाबून-ठोकून भरलेला चमचा काट्यावर ठेवला, लेबलवर नऊ ग्रॅम आणि काट्यावर चौदा. तो तीन महिने दीडपट घेत होता आणि त्याला वाटत होतं त्याचं पोटच नाजूक आहे.

गरगरण्याचं म्हणशील तर ऑफिसमधून थेट जिम, मध्ये खाणं नाही, त्यात बीपी उतरवणारं आर्जिनिन आणि घाम. तुझंही बीपी बसून आणि उभं राहून मोज. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा छातीत धडधड अनियमित वाटत असेल तर ईसीजी होईपर्यंत जिमच थांबव.

आणि झोप. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण तू चूक जागी चोर शोधतोयस. बऱ्याच प्री-वर्कआउटमध्ये एका स्कूपला २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं. कॅफिन शरीरातून निम्मं जायला साधारण पाच तास लागतात. तू पावणेआठला पितोस, म्हणजे रात्री पावणेएकलाही शंभर-दीडशे मिलिग्रॅम अंगात शिल्लक, म्हणजे साधारण एक मोठा कप स्ट्राँग कॉफी पिऊन तू गादीवर पडतोयस, आणि वर एंग्झायटीचा त्रास आहे, त्याला कॅफिनसारखं खतपाणी दुसरं नाही. ज्याने झोप उडवली तो डबा तसाच ठेवून झोप आणणारा दुसरा डबा आणायचा, असं नको रे. दोन आठवडे प्री-वर्कआउट पूर्ण बंद ठेव, जिमच्या तासभर आधी केळं आणि मूठभर फुटाणे खा, आणि झोपेचं काय होतं ते वहीत लिही. एस्सिटालोप्रामनेही काहींची झोप उडते, ती गोळी दिवसातून कधी घ्यायची हे डॉक्टर बदलून देऊ शकतात, त्यांना विचारायची गोष्ट आहे, स्वतः वेळ आणि डोस हलवायची नाही.

ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल मात्र उघडूच नकोस. यात माझं “बघू, थोडं घेऊन बघ” असं काहीही नाही. ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सिरोटोनिन बनतं आणि तुझी गोळी तेच सिरोटोनिन जास्त वेळ टिकवून ठेवते. एकाने नळ मोठा करायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा लावायचा. सिरोटोनिन प्रमाणाबाहेर गेलं की घाम, थरथर, बेचैनी, जुलाब, छातीत धडधड, स्नायू आपोआप उडणं, पुढे ताप आणि अंग ताठरणं असं होतं, आणि ही इमर्जन्सी असते, सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नसते. ५-एचटीपी नावाने मिळणाऱ्या गोळ्या याच वाटेवरच्या, पुढच्या थांब्याच्या, त्यामुळे तोही पर्याय नाही. आणि मावसभावाचं वाक्य मला न ऐकताच माहितीय, “इकडे तर दुकानात सरळ मिळतं”. मिळतं, पण त्याच देशात १९८९ मध्ये ट्रिप्टोफॅन घेणारे पंधराशेहून जास्त लोक आजारी पडले, न मोडणारी स्नायूदुखी, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाठ वाढलेल्या, निदान ३७ जण गेले. बहुतेकांनी घेतलेला माल जपानमधल्या एकाच कंपनीत बनलेला निघाला आणि बनवतानाच्या भेसळीवर संशय गेला. विक्री थांबवली गेली, पुढे बऱ्याच वर्षांनी परत सुरू झाली. दुकानात मिळणं म्हणजे तुझ्या गोळीबरोबर चालणं नव्हे.

अजून एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. ट्रिप्टोफॅन आणि तुझ्या बीसीएएमधले ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन हे सगळे मेंदूत शिरतात ते एकाच दारातून. एसटीचं एकच दार आणि खाली गर्दी, ज्यांची संख्या जास्त ते चढतात. म्हणजे तू जिमनंतर बीसीएएची गर्दी करणार आणि रात्री ट्रिप्टोफॅनला चढवायला बघणार, एकमेकांच्या विरुद्ध कामासाठी दोन डब्यांचे पैसे.

हे दार मी पुस्तकात वाचलं होतं पण बघितलं माझ्या मामांच्या घरी. मामांना पार्किन्सन, लेव्होडोपाची गोळी चालू, आणि ती गोळीही त्याच दाराने मेंदूत जाते. तिथल्या माझ्या वहिनींनी प्रेमाने सकाळच्या दुधात प्रोटीन पावडर सुरू केली, मामा खंगत चालले होते म्हणून, आणि गोळी त्याच दुधाबरोबर. पंधरा दिवसांत मामांचा हात परत थरथरायला लागला, बशीत चहा ओतताना अर्धा ट्रेमध्ये. सगळ्यांना वाटलं आजार वाढला, डॉक्टरांकडे डोस वाढवून मागायची तयारी झाली. मी गेले तेव्हा ओट्यावर तो डबा दिसला म्हणून विचारलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी खाण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी पाण्याबरोबर द्यायला सांगितली आणि दूध, डाळ, अंडं यातलं जास्तीत जास्त रात्रीच्या जेवणात ढकललं. आठवड्याभरात मामांनी स्वतःच्या हाताने कपातून चहा प्यायला. तीन वेळा डॉक्टरांकडे जाऊन आले होते, पण पावडरचं कुणी बोललंच नव्हतं, कारण ते काय औषध आहे का, असंच सगळ्यांना वाटत होतं.

तुझ्या पत्रातही मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचली. ट्रेनरला गोळी माहीत नाही, डॉक्टरांना पावडर माहीत नाही, घरच्यांना दोन्ही माहीत नाही, आणि दोन्ही तुझ्या एकट्याच्या अंगात एकत्र येतात. एंग्झायटीची गोळी घेतोस यात लपवण्यासारखं काही नाही असं मी कितीही म्हटलं तरी तुला ते आज पटेलच असं नाही, आणि घरी कधी सांगायचं तो तुझा निर्णय, त्यात मी पडत नाही. ट्रेनरलाही सगळं सांगायची गरज नाही, “एक औषध चालू आहे, डॉक्टरांनी प्री-वर्कआउट नको म्हटलंय” एवढं पुरे. पण डॉक्टरांना सांगणं याला पर्याय नाही. रागावतील असं वाटतं ना, मग बोलूच नकोस, डब्यांचे मागच्या बाजूचे फोटो काढ आणि मोबाइल समोर धर, “हे तीन महिने घेतोय, तुमच्या गोळीबरोबर चालेल का” एवढं एकच वाक्य. आणि काहीही झालं तरी एस्सिटालोप्राम मनाने बंद करू नकोस, एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात झटके आल्यासारखं, चिडचिड असा वेगळाच त्रास होतो.

आता तुझा मधला प्रश्न, सगळं बंद करू का. प्री-वर्कआउटचं सांगितलं. बीसीएए बंद केलंस तर काय गमावशील? माझं स्पष्ट मत, जेवणात प्रोटीन पुरेसं असेल तर जवळजवळ काहीच नाही. स्नायू बांधायला नऊच्या नऊ आवश्यक अमिनो लागतात, बीसीएएमध्ये तीनच असतात. पुरणपोळीला डाळ आहे, गूळ आहे, वेलची आहे, पण कणीकच नाही तर पोळी लाटणार कशाची? आणि तुझ्यासाठी एक वेगळं कारणही आहे. रक्तात बीसीएए जास्त असणं आणि पुढे डायबिटीस होणं यांचा संबंध अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २०११ च्या अभ्यासात दिसला आणि नंतरही अनेक ठिकाणी दिसत आलाय. त्यांच्यामुळे डायबिटीस होतो की बिघाड आधीच सुरू झाल्यामुळे ते वाढतात यावर अजून वाद आहे, त्यामुळे बीसीएएने तुला डायबिटीस होईल असं मी म्हणणार नाही, पण शुगर बॉर्डरवर असताना ज्याचा उपयोग नाही ते विकत का घ्यायचं.

प्रोटीनचा हिशोब करू. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुला साधारण ६१ ग्रॅम. व्यायाम करतोस तर त्याहून थोडं जास्त, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम धर. आणि तू सोयाबीन आणि तुरीच्या मुलखातला आहेस! दोन अंडी १२ ग्रॅम, दोन वेळचं घट्ट वरण किंवा पिठलं १४, तीस ग्रॅम सोया चंक्स १५, ग्लासभर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर दही ५ आणि तीन भाकरी-पोळ्यांचे १५, झाले ७६. अंडी खात नसशील तर साठ-सत्तर ग्रॅम पनीर. ज्वारी-गव्हात लायसिन कमी असतं ते डाळ भरून काढते आणि डाळीत मेथिओनिन कमी असतं ते भाकरी भरून काढते, आजीने ताट वाढताना हे करूनच ठेवलंय. रूमवर मेसचं पाणीदार वरण मिळतं हे मला माहितीय, म्हणून सोया चंक्स आणि दूध तरी स्वतःच्या हातात ठेव. एवढं करूनही कमी पडत असेल तर साधी व्हे पावडर (दुधातल्या प्रोटीनची) डॉक्टरांना विचारून घेता येईल, त्यात निदान सगळी अमिनो असतात. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने मात्र २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये बॉडी बनवण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळाच असं सांगितलंय, तेही कानावर असू दे.

डब्यांबद्दल थोडं, कारण हे सगळ्यांना उपयोगी पडेल. २०२४ मध्येच केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या तर जवळजवळ सत्तर टक्के पावडरींत लेबलवरचं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं, काहींत बुरशीचं विष निघालं. अमिनो स्पाइकिंग नावाचा प्रकारही चालतो, प्रोटीन मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत खरं तर नायट्रोजन मोजतात, म्हणून ग्लायसिन किंवा टॉरिनसारखे स्वस्त पदार्थ मिसळून आकडा फुगवतात. म्हणून डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर बघायचा, प्रत्येक घटक किती ग्रॅम ते वेगळं लिहिलंय का बघायचं, “प्रोप्रायटरी ब्लेंड” म्हणून सगळ्याची मिळून एकच बेरीज दिली असेल तर तो डबा परत फळीवर ठेवायचा. डब्यावर “औषधी वापरासाठी नाही” आणि सांगितलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका अशा बारीक ओळी असतात, त्या वाचायच्या. दोन नव्या गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करायच्या नाहीत, म्हणजे त्रास झाला तर कुणामुळे ते कळतं.

ज्यांनी अमिनोच्या वाटेला डॉक्टरांशिवाय जाऊच नये असे लोक पटकन सांगते: किडनी किंवा लिव्हरचा आजार असलेले, कारण अमिनो वापरून झाल्यावर उरणारा अमोनिया लिव्हरने युरियात बदलायचा आणि किडनीने बाहेर टाकायचा असतो, हृदयाचे पेशंट, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, डिप्रेशन, एंग्झायटी, पार्किन्सनच्या गोळ्या चालू असलेले, आणि अठराच्या आतली मुलं, पोलीस भरतीची तयारी करणारी कोवळी पोरं सगळ्यात जास्त डोळे झाकून घेतात. तुझ्या डब्यात क्रिएटिन असेल तर रक्त तपासायच्या आधी लॅबला आणि डॉक्टरांना सांग, क्रिएटिनने क्रिएटिनिनचा (किडनी बघायच्या तपासणीतला) आकडा किडनी ठीक असतानाही थोडा वर जातो, उगाच घाबरायला होतं. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी टेस्ट करता येते.

आता परत बाबा, कारण फोनवर “बंद करा” म्हणून विषय संपत नाही. बाबांना अशक्तपणा आहे म्हणजे ताकदीची पावडर हवी, हे तू न तपासताच धरून चाललास. अँजिओप्लास्टीनंतर थकवा येतो तो हिमोग्लोबिन कमी असल्याने येतो, थायरॉइडने येतो, बी-१२ ने येतो, नाडी हळू करणाऱ्या हृदयाच्या गोळीने येतो, आणि अटॅक येऊन गेलेली माणसं आतून घाबरलेली असतात, त्या उदासीनेही येतो. हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल तरीही येतो. यातल्या एकालाही आर्जिनिन उत्तर नाही. तेव्हा पुढच्या फॉलोअपला तू स्वतः सुट्टी काढून बरोबर जा, सगळ्या गोळ्या एका पिशवीत आणि त्यातच तो डबा, आणि डॉक्टरांना सांग की हे किती दिवस, किती चमचे घेतलंय. बाबांना वाईट वाटेल, पोराने आणलेलं आपल्यालाच सोसलं नाही असं त्यांच्या मनात यायला नको, म्हणून चूक स्वतःकडे घे, “बाबा, मी न विचारता आणलं, माझं चुकलं, डबा मी परत नेतो”. बापाला पोराचं असं बोलणं अपमानाचं वाटत नाही. आणि शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलंय म्हणतोस, तर त्यांच्यापैकी कुणी बघून मागवला नाही ना, तेही विचारून घे.

डब्याचे पैसे गेले ते गेले. संपवून टाकू म्हणून तू पिऊ नकोस, रूममेटला देऊ नकोस. तुझ्या वहीतली दोन आठवड्यांची झोप आणि बाबांचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट हातात आला की परत लिही, बाबांच्या जेवणाचं तेव्हा सविस्तर बघू.